दोन जावयांचा कोबा

सुकदेव पाटलांनी उभ्या आयुष्यात कुणाचा हेवा केला नाही. तो विकारच त्यांच्या प्रकृतीत नव्हता. असं ते स्वतःच सांगत, आणि बहुधा जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आपल्या ओसरीत उभे राहून, शेजारी नवी स्कूटर पुसत असताना तिच्याकडे टक लावून सांगत. "माणसानं आपल्या ताटात बघावं, लता," ते म्हणत. लताबाई मान डोलवत आणि म्हणत, "कमलकडून केळीचा घड आलाय. रुपचंदरावांनी पाठवला." त्यानंतर त्या दिवशी सुकदेवराव केळं खात नसत.

रुपचंद हा त्यांचा साडू. लताबाईंच्या धाकट्या बहिणीचा, कमलचा नवरा. चोपड्याकडे त्याची केळी आणि कपाशी. शिक्षण बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत. तिथे त्याला कॉलेजचा आणि कॉलेजला त्याचा एकदमच कंटाळा आला. अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा, आणि एखादा विषय धरला की समोरच्याची सुटका एस.टी. आली तरच. अशा माणसात हेवा करण्यासारखं काय होतं? सुकदेवरावांनी हा प्रश्न स्वतःला अनेकदा विचारला होता आणि दर वेळी उत्तर बरंच लांबलं होतं.

त्यात सगळ्यात वर होता तो पाट.

सासरे झिपरू आबा एरंडोलजवळच्या खेड्यात राहत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी यायच्या आणि सणाच्या दिवशी जावई. पंगतीत आबांच्या उजव्या हाताचा पाट थोरल्या जावयाचा, म्हणजे सुकदेवरावांचा. खापरावरची पहिली पोळी त्या पाटासमोर उतरायची, आमरसाची पहिली वाटी तिथे भरायची. सरकारी खात्यात ओव्हरसियर असलेल्या माणसाला साहेब म्हणणारे लोक वर्षभर भेटतात, पण ती पोळी वर्षातून एकदाच मिळते.

गेल्या आखाजीला रुपचंद आबांच्या डाव्या बाजूला बसून काहीतरी जोरजोरात सांगत होता. आबांचा डावा कान अधू. त्यांनी दोनदा "काय?" केलं आणि मग म्हणाले, "रुपचंदराव, आठे बठा, उजवीकडे. साहेब तथा सरकतीन." साहेब सरकले. अख्खं जेवण त्यांनी आबांच्या डाव्या कानाशी धरणाच्या भिंतीबद्दल बोलत केलं, आणि आबांनी "हां, हां" म्हणत त्यांच्या वाटीत चुकून दोनदा मीठ वाढलं.

रुपचंद सांगत होता राखेबद्दल.

कापूस वेचून झाला की रानात पऱ्हाट्या उरतात. काही चुलीत जातात, बाकीच्या बांधावर पडून असतात. रुपचंदने त्या जाळून सिमेंटसारखी करडी राख केली, लुगड्याच्या फडक्यातून वस्त्रगाळ चाळली आणि सिमेंटमध्ये मिसळली. जिथे चार घमेली सिमेंट लागतं तिथे तीन सिमेंट आणि एक राख. त्यातून त्याने आपल्या विहिरीचा कट्टा केला, पायऱ्या केल्या, आणि आता भेटेल त्याला धरून त्या पायऱ्यांचं वर्णन करत होता. धुळ्याचा कुणी व्यापारीही म्हणे त्याच्याकडून ट्रॅक्टर भरभरून राख नेत होता, भांडी घासायची पावडर करायला.

"राख ती राखच," सुकदेवराव घरी आल्यावर म्हणाले. "सिमेंटमध्ये राख! उद्या हा पिठात भुसा घालील."

"आबांना आवडलं पण," लताबाई म्हणाल्या. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. फक्त त्या खरं बोलत.

ते दिवस परमिटचे होते. सिमेंट हवं असेल तर आधी अर्ज, मग ओळख, मग नवस. आबांना घरासमोरच्या मातीच्या ओट्यावर पक्का कोबा घालून हवा होता, आणि तोही मारुतीच्या भंडाऱ्याआधी, कारण गाव जेवायला यायचं आणि म्हातारी मंडळी आबांच्या ओट्यावर टेकायची. सुकदेवरावांना संधी दिसली. धुळ्याला त्यांची पूर्वी बदली होती. तिथल्या एका दुकानदाराला त्यांनी जुनी ओळख दिली आणि सांगितलं, माल एक नंबर पाहिजे. दुकानदाराने छातीवर हात ठेवून माल दिला. मात्र जितकी पोती सासऱ्यांना सांगितली होती, तितकी काही मिळाली नाहीत.

पोती उतरवून होतात न होतात तोच रुपचंद हजर. सोबत बायको, केळी आणि दोन पोती राख. "काळजी नको आबा," तो अंगणातून ओरडला, "पाव हिस्सा राख घातली की पुरून उरेल!"

"माझ्या सिमेंटमध्ये राख पडणार नाही," सुकदेवराव म्हणाले. आवाज शांत होता, पण कानाची पाळी लाल झाली होती.

आबांनी दोघांकडे पाहिलं. पाटीलकी गेली तरी निवाडे करायची सवय गेली नव्हती. ते म्हणाले, "दोन जवाई, दोन बाजू. उत्तर बाजू साहेबनी, दखन बाजू रुपचंदरावनी. आखाजीले देखू. ज्यानी बाजू चांगली, तो मन्हा उजवा हातले बठी."

म्हणजे पाट पणाला लागला.

भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच सुकदेवरावांनी उत्तर बाजू उरकली. गवंडी थापी मारत होता आणि हे डोक्यावर टॉवेल घेऊन "लेव्हल, लेव्हल" म्हणत होते. झाल्यावर त्यांनी कोबा कोरड्या गोणपाटाने झाकला आणि घरात बजावलं, ह्या बाजूवर कुणी पाय ठेवायचा नाही, काही सांडायचं नाही, कुणी फिरकायचंसुद्धा नाही. पुढे कोब्यावर रोज पाणी मारावं लागतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण खात्यात त्या कामाला वेगळा माणूस असतो. तो इथे नाही, हा विचार त्यांच्या हुद्द्यात बसणारा नव्हता.

दक्षिण बाजू उन्हं कलल्यावर करायची होती. रुपचंदच्या वाट्याची पोती पडवीत उभी होती. सिमेंटची आणि राखेची पोती अगदी सारखी, कारण राख भरायला त्याने सिमेंटचीच रिकामी पोती आणली होती. म्हणून राखेच्या ज्या पोत्याचं तोंड उघडलं होतं त्याला त्याने लाल चिंधी बांधली आणि घरभर ओरडून सांगितलं, "लाल चिंधी म्हणजे राख!" आबांच्या डाव्या कानालाही ते कळलं.

चैत्रातली दुपार. घर झोपलं होतं. रुपचंदचं घोरणं तर वेशीपर्यंत ऐकू जात असावं. सुकदेवराव पाणी प्यायला उठले, पडवीत आले, आणि त्यांची नजर त्या चिंधीवर पडली.

पुढचं काम त्यांनी नेमकं कधी ठरवलं, हे त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, राखेच्या पोत्याची चिंधी सोडली आणि शेजारच्या उघड्या सिमेंटच्या पोत्याला बांधली. आता गवंडी चिंधी पाहून माल घेणार, म्हणजे तीन घमेली राख आणि एक सिमेंट. तो कोबा होणार नव्हता, तो अंगारा होणार होता. सुकदेवराव पाणी न पिताच ओसरीवर येऊन आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले.

थोड्या वेळाने बांगड्या वाजल्या. सासूबाई, मंजुळा अक्का, शेजारणींना घेऊन पडवीत आल्या होत्या.

गावकीची मोठाली भांडी आबांच्या घरी असत. लग्न असो, भंडारा असो, वरणाची पातेली इथूनच जायची आणि इथेच परत यायची. चुलाणावर चढवायच्या आधी भांड्याच्या बुडाला बाहेरून राखेचा ओला लेप द्यायचा, तो उन्हात वाळवायचा, म्हणजे काजळी लेपावर बसते आणि मग लेप हाताने निघून येतो, भांडं आतून-बाहेरून लख्ख. दर वर्षी ह्याला चुलीतली राख असे, खडेवाली. पण जावयाची वस्त्रगाळ राख पाहिल्यापासून अक्कांच्या हाताला राहवत नव्हतं.

"देख माय, कशी मऊ शे," त्या म्हणाल्या आणि लाल चिंधीच्या पोत्यात त्यांनी घमेलं खुपसलं.

सुकदेवरावांनी एक डोळा उघडला. एक घमेलं गेलं. दुसरं गेलं. आता उठावं, थांबवावं. पण थांबवायचं म्हटलं की सांगावं लागणार, अक्का, ती राख नाही. मग अक्का विचारणार, चिंधी तर राखेला होती. मग घरभर... त्यांनी डोळा मिटला. लेप पातळ असतो, त्यांनी स्वतःला समजावलं, धुतलं की जाईल. पंचवीस वर्षं सिमेंटमध्ये काढलेल्या माणसाने स्वतःला हे समजावलं, आणि ते त्यांना पटलंही.

उन्हं कलली. रुपचंद डोळे चोळत पडवीत आला, पोत्यात हात घातला, चिमूट चोळली आणि थबकला.

"चिंधी कुणी बदलली?"

"वाऱ्यानं उडाली असेल," सुकदेवराव म्हणाले.

"गाठ मारली होती भाऊ मी."

"वारा जोरात होता."

दारातल्या निंबाचं पानही दिवसभर हललं नव्हतं. रुपचंदने निंबाकडे पाहिलं, साडूकडे पाहिलं, खांदे उडवले आणि चिंधी पुन्हा जागेवर बांधली. सिमेंट कसं कोण जाणे, बरंच कमी भरलं. मग त्याने राखेचा हिस्सा वाढवला आणि दक्षिण बाजू रात्र पडायच्या आत आटोपली. सुकदेवराव जेवताना दोनदा स्वतःशीच हसले. डाव निम्मा फसला होता, पण राख तर वाढली होती.

दुसऱ्या दिवशी मारुतीचा जन्म सूर्योदयाला, ठरल्या वेळी झाला. वरण मात्र होईना.

पातेल्यांखाली पऱ्हाट्या धडधडत होत्या. एरवी एवढ्या जाळावर वरणाला उकळी फुटून बट्ट्या भाजूनही झाल्या असत्या. आज डाळ पातेल्यात अशी निवांत पडली होती, जणू तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आचारी जाळ वाढवत गेला. माणसं पत्रावळी घेऊन बसली, उठली, पुन्हा बसली. सरपंच लोटन तिसऱ्यांदा बघायला आला तेव्हा आचाऱ्याने एक पातेलं उतरवायला माणसं लावली, आणि नेहमी दोघं उचलायचे ते पातेलं चौघांना हलेना.

आडवं केलं तर बुडाला बोटभर जाडीचा राखाडी दगड. आचाऱ्याने झारा मारला. झाऱ्याची दांडी वाकली.

अक्कांनी कपाळाला हात लावला. गावकीची भांडी, आबांच्या जिम्म्यात! आबा तर मटकन खालीच बसले. लोकांमध्ये कुजबुज सुरू झाली, कुणी केलं, कसला लेप दिला. अक्का कशाबशा म्हणाल्या, लाल चिंधीवाली राख.

सुकदेवरावांना ह्याहून चांगला मुहूर्त मिळणार नव्हता. ते पुढे झाले, घसा साफ केला आणि भर मांडवात बोट दाखवून म्हणाले, "ही रुपचंदरावांची राख!"

त्यांना वाटलं होतं, आता गाव रुपचंदवर तुटून पडेल. गाव पातेल्याभोवती गोळा झालं. मग लोटनने पातेल्याचं बूड बोटाने टोकरलं, हलकेच थापटलं, आणि एखाद्या देवाला पाहावं तसं रुपचंदकडे पाहिलं.

"नुसती राख?" तो म्हणाला. "सिमेंट नही, काहीच नही?"

रुपचंद घाईघाईने म्हणाला, नुसत्या राखेने असं होत नाही, तिला सिमेंट लागतंच, पोत्यांची गल्लत झाली असणार. पण लोकांना वाटलं, माणूस मोठा आहे, म्हणून लपवतोय. जन्मात पहिल्यांदा रुपचंदला कुणी पुरतं बोलू दिलं नाही.

आबा उठले. सुकदेवरावांपाशी आले आणि उजवा कान पुढे करून म्हणाले, "साहेब, तुम्ही सरकारी माणूस. तुम्हीन सांगा. ती राख व्हती का सिमेंट व्हतं?"

आख्खा मांडव सुकदेवरावांच्या तोंडाकडे पाहत होता. सिमेंट म्हणावं, तर चिंधी कुणी हलवली? राख म्हणावं, तर रुपचंदचा देव होतो. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मारुतीकडे पाहिलं. मारुतीच्या तोंडात पेढा होता.

"राख," ते म्हणाले.

रुपचंदला लोकांनी खांद्यावर घेतलं. तो "अरे ऐका, ऐका" म्हणत होता आणि लोक "बठ्ठं गाव ऐकी राह्यनं" म्हणून त्याला आणखी उंच करत होते. वरण दुपार उतरल्यावर कधीतरी शिजलं. सुकदेवरावांनी बट्टी मोडली, ती तशीच पत्रावळीवर टाकली, आणि लताबाईंना माहेरीच ठेवून ते स्कूटरला लाथ मारून जळगावला निघून गेले.

त्यानंतर त्यांचे दिवस वाईट गेले. धाब्यावर, पानाच्या ठेल्यावर, खुद्द ऑफिसात लोक विचारू लागले, ते राखवाले पाटील तुमचे कोण? चहा पाजणारा गणवेशातला शिपाई म्हणाला, साहेब, आमच्या भावाच्या गोठ्यासाठी तुमच्या साडूंना एक शब्द टाकता का? सुकदेवरावांनी तो चहा तसाच परत केला.

आशा एकच होती. राख वाढलेली दक्षिण बाजू. वैशाखाच्या उन्हात ती भुगा होणार, आणि आखाजीला पाट आपला.

आखाजीच्या दिवशी त्यांनी स्कूटर आबांच्या दारात लावली आणि ओट्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

दक्षिण बाजू शाळिग्रामासारखी गुळगुळीत होती. पोरी तिच्यावर बसून गौराईची गाणी म्हणत होत्या. उत्तर बाजूवरचं गोणपाट काढून ठेवलं होतं, आणि कोबा उन्हाने असा तडकला होता की एका फटीतून मुंग्यांची रांग आत जाऊन दुसऱ्या फटीतून बाहेर पडत होती.

"पाणी?" त्यांच्या तोंडून निघालं. "पाणी नाही मारलं?"

"तुम्हीच तर सांगितलं होतं, काही सांडायचं नाही," लताबाई म्हणाल्या. "आबा काठी घेऊन राखण करत होते तुमच्या बाजूची. आंघोळीचा शिंतोडा उडू दिला नाही."

"आणि ती बाजू?"

त्या बाजूवर, लताबाईंनी सांगितलं, भांडी होती. भंडाऱ्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ गल्लीतल्या बाया दक्षिण बाजूवर पातेली घेऊन बसायच्या, लेप ओला करायच्या, काथ्याने घासायच्या, पुन्हा ओला करायच्या. लेप काही निघाला नाही. पण घागरींमागून घागरी पाणी कोब्यावर पडलं. असं पाणी मी माझ्या विहिरीच्या कट्ट्यालासुद्धा मारलं नव्हतं, असं स्वतः रुपचंद म्हणाला होता.

पंगत बसली. उजव्या हाताच्या पाटावर रुपचंद बसला. सुकदेवराव डाव्या कानाशी. पहिली खापरावरची पोळी त्यांच्या डोळ्यांसमोरून, अगदी तुपाचा वास देऊन, पलीकडे गेली.

तेवढ्यात लोटन दारात उभा राहिला. त्याच्या धोतराला गुडघ्यापर्यंत करडा चिखल होता.

त्याने रुपचंदच्या गावाहून राख आणवली होती. सरकारी ओव्हरसियरने भर मांडवात सांगितलं म्हणून, सिमेंटचा कण न घालता, त्याने म्हशींसाठी हौद बांधला होता. आज सण म्हणून तो पाण्याने भरला. हौद पाण्यात विरघळला. म्हशीने तोंड घातलं होतं, ती आता ओळखू येत नव्हती. तो रुपचंदला काही बोलला नाही. रुपचंदने तर नको म्हणून सांगितलं होतं. तो सुकदेवरावांच्या पानासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, तुम्हनाच शबद व्हता."

आबांनी हातातला घास खाली ठेवला. नुसती राख जर विरघळते, तर मग पातेल्यांना काय होतं? हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उगवताना सुकदेवरावांना दिसत होता. अक्का ताट घेऊन थबकल्या. लताबाई नवऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या खरं बोलण्याच्या स्वभावाची सुकदेवरावांना इतकी धास्ती पूर्वी कधी वाटली नव्हती.

"आबा," रुपचंद तोंडातला घास गिळत म्हणाला, "त्या दिवशी चिंधी उडाली होती. फार वारा होता. भाऊंनी पाहिला होता वारा." आणि त्याने आमरसाची वाटी सुकदेवरावांपुढे सरकवली. "घ्या भाऊ. जेवा."

आबांनी निंबाकडे पाहिलं, थोरल्या जावयाकडे पाहिलं आणि पुन्हा घास उचलला. त्या घरात तो विषय तिथे संपला. सुकदेवरावांच्या मनात मात्र तो तिथे सुरू झाला. कोबा त्याचा चांगला, पाट त्याचा, नाव त्याचं; ते एक वेळ चाललं असतं. पण आता क्षमा करण्यातही हा पुढे! आपल्याला मोठेपणा दाखवायला ह्या माणसाने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. आमरस मात्र गोड होता. त्यांनी वाटी चाटून पुसून संपवली.

लोटनला त्यांनी शब्द दिला की हौदाला लागेल तेवढं सिमेंट ते स्वतः आणून देतील, एक नंबर, तेच धुळ्याचं. निदान ह्या एका बाबतीत तरी रुपचंदचा हात त्यांच्या कामाला लागणार नव्हता. लगेचच्या रविवारी ते धुळ्याला गेले.

दुकानाला सरकारी टाळं होतं. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, धाड पडली, मालक सिमेंटमध्ये राख मिसळून पोती पुन्हा शिवत होता. कधीपासून, म्हणाल तर निदान वर्षभर. कुणालाच ओळखू आलं नाही. राख फार चांगली होती, वस्त्रगाळ. भांड्यांच्या पावडरीच्या नावाखाली ट्रॅक्टरने यायची.

"कुठून?" सुकदेवरावांनी विचारलं.

पानवाल्याने पान दुमडलं. "चोपड्याकडून," तो म्हणाला. "तिथं कुणी रुपचंद म्हणून आहे, केळीवाला."